मेंढ्या नसतील तर माणसं चालतील

मागच्या अंकात फ्लॅटमध्ये कुठला कुत्रा पाळावा यावर लिहिताना मी बॉर्डर कॉलीबद्दल एकच ओळ टाकली होती, की शक्यतो घेऊ नका आणि घेतलाच तर नंतर मला बोलू नका. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की बाकीचा लेख कुणी वाचला की नाही देव जाणे. काहींनी प्रश्न विचारलेत, काहीजण नुसतेच भांडलेत, दोघांनी स्वतःच्या कॉलीचे फोटो पाठवलेत (फोटो गोड आहेत, मत तेच आहे). तर या वेळी सगळे प्रश्न मेंढपाळांच्या कुत्र्यांचेच घेते.

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही कोथरूडला टू बीएचकेमध्ये राहतो. मी आणि मिस्टर दोघंही नोकरीला, मुलगा नऊ वर्षांचा. कुत्रा हवा म्हणून त्यानं वर्षभर डोकं खाल्लंय आणि आता रील्स बघून ठरवलंय की बॉर्डर कॉलीच हवा, कारण तो जगातला सगळ्यात हुशार कुत्रा. आम्हालाही वाटतं की हुशार असेल तर पटकन शिकेल आणि त्रास कमी देईल. तुम्ही नको का म्हणता? — एक आई, पुणे

उत्तर : हुशार म्हणजे त्रास कमी, इथंच तर घोडं पेंड खातं.

‘जगातला सगळ्यात हुशार’ हे आलं कुठून ते आधी बघा. स्टॅनली कोरेन नावाच्या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ साली जातींची क्रमवारी लावली, अमेरिका आणि कॅनडातल्या ओबीडियन्स स्पर्धांच्या जवळजवळ दोनशे जजेसची मतं घेऊन. त्यात बॉर्डर कॉली पहिला, पूडल दुसरा आणि आपला अल्सेशियन तिसरा. त्यांनी मोजलं काय, तर नवीन कमांड किती वेळा सांगितली की डोक्यात बसते आणि बसल्यावर पहिल्या हाकेला ऐकतो का. वरच्या जातींना पाचपेक्षा कमी वेळा पुरतं. म्हणजे ती यादी शिकण्याच्या स्पीडची आहे, शहाणपणाची नाही. आणि काय शिकायचं हे कोण ठरवणार? तुम्ही घरी असाल तोवर तुम्ही. साडेनऊला लॅपटॉपची बॅग उचलून गेलात की मग तो.

पाच वेळांत त्याला कळतं की फ्रिजच्या हँडलला लटकवलेला नॅपकिन ओढला की दार उघडतं. पाच वेळांत कळतं की लिफ्टच्या आवाजावर भुंकलं की समोरच्या काकू दार उघडून ओरडतात, म्हणजे काहीतरी घडतं, आणि काहीच न घडण्यापेक्षा काकू ओरडणं त्याला केव्हाही चालतं. बीगलला हे सगळं उमगेपर्यंत महिना जातो, मधे तो तीन झोपा काढतो, आणि त्या झोपांमध्ये तुमचं सुख असतं.

ही हुशारी घरासाठी कुणी घडवलेलीच नाही हो. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरच्या टेकड्यांवर, मेंढपाळ खाली उभा आणि कुत्रा वर अर्धा मैल लांब, मधे वारा, धुकं, आणि शिट्टीच्या दोन सुरांवर तिथल्या मेंढ्या खाली आणायच्या, हे काम. आजच्या बहुतेक बॉर्डर कॉलींची वंशावळ मागे मागे नेली की नॉर्थम्बरलंडमधल्या १८९३ सालच्या एका कुत्र्यापाशी पोचते, ओल्ड हेम्प त्याचं नाव, अ‍ॅडम टेल्फर त्याचा मालक. तो फारसा भुंकायचा नाही, नुसतं बघून मेंढ्या हलवायचा, म्हणून आजूबाजूचे सगळे आपापल्या कुत्र्या त्याच्याकडे घेऊन यायचे. १९०६ मध्ये तिथल्या मेंढपाळांनी इंटरनॅशनल शीपडॉग सोसायटी काढली, तीही काम बघून, दिसणं बघून नाही. म्हणून खरे कामाचे कॉली एकसारखे दिसतच नाहीत, कुणाचे कान उभे, कुणाचे पडलेले, कुणाला झुपकेदार केस, कुणाला आखूड. शंभर वर्षांहून जास्त काळ ‘दिवसभर डोकं चालव आणि थकू नको’ एवढंच निवडत आल्यावर जे तयार झालंय ते तुम्ही सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सात बंद दाराआड ठेवणार.

मागे एका घरी मला बोलावलं होतं, वर्षाचा कॉली, तक्रार अशी की ‘बाकी गुणी आहे, फक्त बाल्कनीत रमतो’. मी अर्धा तास बसून बघितलं. खाली पार्किंगच्या गेटमधून गाडी आत आली की हा बाल्कनीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोट जमिनीला लावून धावायचा, गाडी थांबली की थांबायचा, जाळीला नाक लावून पुढच्या गाडीची वाट बघायचा. पंजाच्या गाद्या सोलवटलेल्या. घरच्यांना वाटत होतं तो खेळतोय. तो ड्यूटीवर होता, आणि त्या सोसायटीत दोनशे गाड्या, शिफ्ट संपणार कधी?

शिवाय अंगावर केसांचे दोन थर, आणि आपला एप्रिल. (घेतलाच कुणी तर उन्हाळ्यात भादरून टाकू नका, तो थर ऊनही अडवतो. पळवायचं ते उजाडायच्या आत.)

मुलाला सांगा, शेल्टरमधला दोन-तीन वर्षांचा इंडी, म्हणजे आपला देशी कुत्रा, आणा, रीलमधल्या सगळ्या ट्रिक्स त्यालाही येतील, पाच वेळांऐवजी पंचवीस वेळा शिकवाव्या लागतील आणि नऊ वर्षांच्या मुलाला त्या पंचवीस वेळाच जास्त उपयोगी पडतील.

प्रश्न : ताई, आम्ही लीड्सला असतो. आमचा शेरू चौदा महिन्यांचा बॉर्डर कॉली, इथल्याच एका फार्मवरून आणलेला, स्वभावाने लोण्यासारखा. मागच्या महिन्यात लेकीच्या वाढदिवसाला सात-आठ मुलं गार्डनमध्ये पळत होती तर त्यानं सगळ्यांना हळूहळू शेडच्या कोपऱ्यात नेऊन उभं केलं. आम्ही हसत होतो, व्हिडिओ काढत होतो. मग भाचा त्यातून निसटून पळाला तर शेरूनं जाऊन त्याच्या टाचेला दात लावले. रक्त नाही आलं, लाल झालं. पण ताई (माझी मोठी बहीण) तेव्हापासून म्हणतेय कुत्रा डेंजरस आहे, देऊन टाका. अजून एक, वीकएंडला डेल्समध्ये फिरायला जातो तेव्हा तो मेंढ्यांकडे एकटक बघतो. जातीचाच आहे तर एकदा सोडून बघावं का? — लीड्स

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण तिथे जीव जाईल. अजिबात सोडू नका.

तो कॉली आहे म्हणून त्याला मेंढ्या राखता येतात असं नसतं, गवयाच्या पोरालाही रियाज चुकत नाही. शेरूकडे इंजिन आहे, ब्रेक अजून बसवलेला नाही. तो मेंढ्या पळवेल, आणि गाभण मेंढी नुसत्या पळण्यानं, घाबरण्यानं गाभडते. इंग्लंडमध्ये दुसऱ्याच्या शेतातल्या मेंढ्यांमागे कुत्रा लागणं हा १९५३ च्या कायद्यानं मालकाचा गुन्हा आहे, आणि काही परिस्थितीत शेतकऱ्यानं त्याला गोळी घातली तरी कायदा शेतकऱ्याच्या बाजूनं उभा राहतो. लीश हातात, करकरून.

आता वाढदिवस. कुत्र्याच्या पूर्वजाची शिकार पायरीपायरीनं चालते : हेरणं, नजर रोखणं, दबा धरून पुढे सरकणं, पाठलाग, पकडणं, मारणं. मेंढपाळांनी पिढ्यानपिढ्या काय केलं तर यातल्या नजर, दबा आणि पाठलाग या पायऱ्या ठळक केल्या आणि पकडणं-मारणं इतकं दाबलं की मेंढी जिवंत घरी यावी. म्हणजे जे आपल्याला ‘राखणं’ वाटतं ती शेवट कापलेली शिकार आहे. तिथले लोक नजरेला नुसतं ‘आय’ (इंग्रजीतला डोळा) म्हणतात, ‘या कुत्रीला आय आहे’ असं.

मी यॉर्कशायरला राहायचे तेव्हा पहिल्यांदा शीपडॉग ट्रायल, म्हणजे कुत्र्यांची मेंढ्या हाकायची स्पर्धा, बघितली. (या ट्रायल्स जुन्या, १८७३ मध्ये वेल्समधल्या बाला गावी ब्रिटनमधली पहिली मोठी झाली म्हणतात, आणि जिंकला स्कॉटलंडचा माणूस, वेल्सवाल्यांना काय वाटलं असेल.) कुत्रा मोठं वळण घेऊन मेंढ्यांच्या मागे जातो, ही धाव मेंढ्यांना जाणवूच द्यायची नाही. मग मागे पोचल्यावर थांबतो, डोकं खांद्याच्या खाली, एक पुढचा पाय हवेत तसाच राहिलेला, शेपटी मागच्या पायांत, आणि पाचही मेंढ्या चरायच्या थांबून माना वर करतात. कुणी हललेलं नाही अजून. इथून मेंढ्या पहिल्यांदा हलतात त्या क्षणाला ‘लिफ्ट’ म्हणतात, आणि जाणकार तिथेच ओळखतात पुढे काय होणार ते. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्यानं तेवढ्यातच मान हलवली, आणि खरंच, तिसऱ्या मिनिटाला एक मेंढी फुटली.

तर तुमच्या गार्डनमध्ये शेरूनं हेच केलं. मुलं पळतात, किंचाळतात, सात दिशांना फुटतात, त्याच्या डोक्यात हा मेंढ्यांचा अत्यंत वाईट कळप आहे आणि कुणीतरी तो आवरायला हवा. नजरेनं आवरला. भाचा म्हणजे कळपातून फुटलेलं मेंढरू, नजरेला बधला नाही, मग पुढचं हत्यार टाच. हा राग नाही, खुन्नसही नाही.

पण तुमच्या ताईंना हे समजावून गप्प करू नका, त्यांचं अर्ध बरोबर आहे. आज लाल झालं, उद्या कातडी फाटेल, मुलांची कातडी मेंढीच्या लोकरीसारखी नसते. आणि तिकडचा १९९१ चा डेंजरस डॉग्ज अ‍ॅक्ट २०१४ पासून तुमच्या स्वतःच्या घरा-अंगणातही लागू आहे, हे बऱ्याच आपल्या लोकांना माहीत नसतं. व्हिडिओ काढत हसत होतात ना, तिथे चुकलं, कारण तोवर त्याला मजा यायला लागली होती आणि या कुत्र्यांना कामाचं बक्षीस कामच असतं, बिस्किट नको.

पुढे काय करायचं. त्याला थांबवायचं ते नजर लागल्यावर, पळत सुटल्यावर हाका मारून उपयोग नाही, तेव्हा कान बंद असतात. डोकं खाली गेलं, चाल सावकाश झाली, तोंड मिटलं की लगेच नाव घ्या आणि स्वतःकडे वळवा. मेंढपाळ काम संपलं की ‘दॅट्ल डू’ म्हणतात, म्हणजे पुरे, इकडे ये, आणि कुत्रा मेंढ्या सोडून येतो. सगळ्या कमांड्समध्ये घरगुती कॉलीला हीच सगळ्यात गरजेची आणि हीच कुणी शिकवत नाही. तुम्ही मराठीत ‘पुरे’ शिकवा. आधी घरात, सोप्या गोष्टीवरून, चेंडू तोंडात असताना वगैरे, मग लांब दोरी बांधून गार्डनमध्ये एका मुलावर, मग दोन. मुलांनाही शिकवा की शेरू मागे लागला तर झाड व्हायचं, हात छातीशी आणि गप्प उभं. न पळणारी मेंढी बोअर असते. वाढदिवसाला मात्र त्याला वरच्या खोलीत चघळायचं हाड देऊन बंद ठेवा, ती शिक्षा नाही, सुट्टी आहे.

आणि दिवसाला दीड तास चेंडू फेकत असाल तर बंद करा. लोक म्हणतात थकवा त्याला. थकत नाही, फिट होतो, पुढच्या महिन्यात अडीच तास लागतात. वास शोधायचे खेळ द्या, ट्रायबॉल द्या (मोठाले बॉल नाकानं ढकलत गोलमध्ये आणायचे, जर्मनीत निघालेला खेळ, मेंढ्यांशिवाय मेंढपाळी), जमलं तर तुमच्याकडे फार्मवर प्रशिक्षकासमोर मेंढ्यांवरचे क्लास असतात तिथे न्या.

प्रश्न : माझी आणि आजोबांची पैज लागलीय. ते म्हणतात अल्सेशियन हा पोलीस कुत्रा, मेंढ्यांशी त्याचा संबंध नाही. मी म्हणते त्याचं खरं नाव जर्मन शेफर्ड, नावातच शेफर्ड आहे. — कोल्हापूर

उत्तर : जिंकलीस. १८९९ मध्ये माक्स फॉन श्टेफानित्झ नावाच्या माजी घोडदळ अधिकाऱ्यानं कार्ल्सरूअच्या प्रदर्शनात एक मेंढपाळी कुत्रा बघितला, विकत घेतला, त्याचं नाव बदलून होरांट फॉन ग्राफराट ठेवलं आणि जातीच्या नोंदवहीत पहिला नंबर त्याला दिला. जर्मनीत शेतांना कुंपणं नसायची, मेंढ्या पिकांच्या मधल्या पट्टीत चरायच्या आणि कुत्रा सरीतून दिवसभर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचा, चालतं कुंपणच. पुढे कारखाने वाढले, मेंढ्या कमी झाल्या, तेव्हा श्टेफानित्झनंच त्याला पोलीस आणि लष्कराकडे वळवलं. अल्सेशियन हे नाव ब्रिटिशांनी पहिल्या महायुद्धानंतर जर्मन शब्द नको म्हणून लावलं, त्यांनी ते १९७७ ला बदललं, आपण अजून बदललं नाही.

तुमचा कुत्रा कंपाउंडच्या भिंतीलगत फेऱ्या मारून गवतात पायवाट पाडतो का बघ. ती सरी आहे. पण आजोबांकडून पैज वसूल करताना जरा सांभाळून.

प्रश्न : आमच्या रानात दरवर्षी खतासाठी धनगर मेंढरं बसवतो. त्यांची दोन-तीन कुत्री असतात पण ती दिवसभर झाडाखाली पडून, मेंढरं वळवायची ती धनगरच वळवतो, तोंडानं आवाज काढून. यूट्यूबवर ते इंग्लंडचे कुत्रे बघितले की वाटतं आपल्या कुत्र्यांत डोकंच कमी का? शिकवलं तर येईल का? — फलटण

उत्तर : दिवसा झोपलेली बघितलीत, रात्री दोनला वाड्यावर जाऊन बघा. नको, जाऊ नका, फाडतील.

दोन वेगळे धंदे आहेत हे. एक मेंढ्या हाकणारा, एक मेंढ्या राखणारा. ब्रिटनमधले लांडगे शेकडो वर्षांपूर्वीच मारून संपवले, त्यामुळे तिथे रात्रीची भीती उरली नाही आणि कुत्र्याला फक्त हाकण्याच्या कामात घासूनपुसून तयार करता आलं. आपल्याकडे सातारा, पुणे, सोलापूर, नगरच्या माळरानांवर लांडगा आजही आहे. इथल्या कुत्र्यानं मेंढीकडे रोखून बघितलं, तिच्यामागे धावला, तर धनगर त्याला ठेवणारच नाही, कारण त्यानं मेंढरांत मेंढरासारखंच वावरायचं असतं, मेंढरांनी त्याच्याकडे लक्षसुद्धा द्यायचं नाही, आणि बाहेरून काही आलं की मात्र हा उठून उभा. कॉलीत जे वाढवलं नेमकं तेच यांच्यात नको असतं. हिमाचलच्या गद्दींचे कुत्रे, तुर्कस्तानचे, इटलीतले मारेम्मा, सगळे याच रात्रपाळीतले.

हाकायचं काम आपल्याकडे धनगराचा आवाज करतो आणि मेंढरं तो ओळखतात. संध्याकाळी जाळी लावताना बघा एकदा, तीनशे मेंढरं एका माणसाच्या ‘हुर्र’वर आत जातात, त्या वेळी कुत्रं मधे कडमडलं तर उलट पंचाईत. कॉली तिथे नेऊन सोडला तर दिवसा सगळ्यांची करमणूक करेल आणि रात्री पहिला लांडगा आला की त्याचं काय होईल ते मला लिहवत नाही.

प्रश्न : आमच्याकडे रफ कॉली आहे, तो लांब तोंडाचा, लांब केसांचा. पावसाळ्यात गोचीड फार झालेत. शेजारी म्हणतात गुरांना देतात ते इंजेक्शन दे, एका डोसात साफ, त्यांच्या कुत्र्याला दिलं होतं. देऊ का? — मडगाव

उत्तर : नको. या पानावरचं बाकी काही विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

ते इंजेक्शन बहुतेक आयव्हरमेक्टिनचं असणार. मेंदूच्या रक्तवाहिन्यांपाशी एक पंपासारखी यंत्रणा असते, ती अशी औषधं मेंदूत शिरू देत नाही, बाहेर फेकते. कॉलींच्या घराण्यात तो पंप बनवणारं एमडीआर१ हे जनुक बऱ्याचदा बिघडलेलं असतं, हे २००१ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत सापडलं. रफ कॉलींमध्ये दहातल्या साधारण सातांकडे ते बिघडलेलं जनुक असतं, ऑस्ट्रेलियन शेफर्डमध्ये निम्म्यांकडे, बॉर्डर कॉलीत क्वचित. मग औषध मेंदूत साठतं, कुत्रा लाळ गाळतो, झोकांड्या खातो, दिसेनासं होतं, कोमात जातो. शेजाऱ्यांच्या कुत्र्याला काही झालं नाही कारण त्याचा पंप चालू आहे. जुने व्हेट म्हणायचे, पांढरे पाय दिसले तर हे औषध नको.

जुलाब झाले म्हणून घरातली माणसांची लोपेरामाइडची गोळीही देऊ नका, तोच प्रकार. आणि गोठा जवळ असेल तर गुरांना जंताचं औषध दिल्यावर काही दिवस त्याला शेण खाऊ देऊ नका. गोचिडांसाठी त्याला चालणारी दुसरी औषधं आहेत, व्हेटला जात सांगून विचारा. गालाच्या आतून कापूस फिरवून जनुकाची टेस्ट होते, जमेल तेव्हा करून घ्या.

प्रश्न : माझ्या बाबांनी सांगितलं की एका कुत्रीला हजार शब्द यायचे. खरं का? आमच्या टायगरला किती येतील? — वय ११, नाशिक

उत्तर : खरं आहे. चेसर नावाची बॉर्डर कॉली, अमेरिकेत साउथ कॅरोलायनात राहायची. जॉन पिली हे कॉलेजातून रिटायर झालेले मानसशास्त्राचे सर, त्यांनी तिला १,०२२ खेळण्यांची नावं शिकवली. आठशेच्या वर कापडी प्राणी, ११६ चेंडू, २६ फ्रिसबी आणि बाकीची प्लॅस्टिकची खेळणी. सरांनाच नावं आठवेनात म्हणून त्यांनी प्रत्येक खेळण्यावर पेनानं लिहून ठेवली होती, कुत्रीला मात्र आठवायची. आणि अजून गंमत, एकदा टीव्हीवाल्यांनी तिला कधीच न दाखवलेली डार्विनची बाहुली इतर खेळण्यांत ठेवली आणि ‘डार्विन आण’ म्हटलं. ती जरा थबकली, सगळी खेळणी बघितली, आणि बाकी सगळ्यांची नावं माहीत आहेत, म्हणजे हे न ओळखीचं नाव त्या न ओळखीच्या खेळण्याचंच असणार, असं करून बरोबर तीच घेऊन आली. तुझ्या परीक्षेत गाळलेल्या जागा भरताना तू हेच करतोस.

पण तिला तीन वर्षं रोज चार-पाच तास शिकवलं होतं. आणि टायगरला जमलं नाही तर त्याला ढ म्हणू नकोस, हंगेरीत बुडापेस्टच्या विद्यापीठात बऱ्याच कुत्र्यांना तीन महिने शिकवून बघितलं तर बहुतेकांना दोन खेळण्यांची नावंसुद्धा आली नाहीत, त्यात कॉलीही होते. कुत्र्यांना ‘बस’, ‘चल’, ‘नको’ पटकन येतं, वस्तूंची नावं अवघड. दोन खेळणी घे, एकदम वेगळ्या दिसणारी आणि नावंही एकदम वेगळी, ‘भोपळा’ आणि ‘शिट्टी’ चालेल, ‘चेंडू’ आणि ‘झेंडू’ नको. रोज दहा मिनिटं. मला कळव.

प्रश्न : आम्ही मेलबर्नला एका शेल्टरमधून केल्पी आणलीय. घरात लेझर पॉइंटरनं खेळवायचो, आता ती दिवसभर भिंतीवरचा उजेड आणि सावल्यांमागे असते, जेवणही सोडते. — मेलबर्न

उत्तर : लेझर आजच कचऱ्यात. पाठलाग आहे पण हाती काहीच लागत नाही, त्यामुळे तिच्या डोक्यात ते काम कधी पुरंच होत नाही. केल्पी तुमच्याच व्हिक्टोरियातल्या, कॅस्टर्टनच्या बाजूला १८७० च्या सुमारास तयार झालेली जात, यार्डात मेंढ्या दाटल्या की त्यांच्या पाठींवरून पळत पलीकडे जाणारी, तिला उजेडाचा ठिपका म्हणजे कधीच न सापडणारी मेंढी. पडदे ओढा, घड्याळाची-मोबाइलची काच चमकते तीही बघा, सावलीवरून ओरडू नका आणि हसूही नका, तिथून उठवून नाकाचं काम द्या. जेवण सोडण्यापर्यंत गेलंय तर हे माझ्या पत्रानं सुटणारं नाही, वर्तनाचं बघणाऱ्या व्हेटकडे जा, औषध लागू शकतं आणि त्यात कमीपणा नाही.

प्रश्न : ताई, राग मानू नका, पण तुमच्याकडे स्वतःची कॉली आहे ना? मग आम्हाला का नको म्हणता? — ठाणे

उत्तर : आहे. बारा वर्षांची. यॉर्कशायरच्या एका फार्मवर होती, तिथे तिला काढून टाकलं कारण मेंढीनं पाय आपटला की ही पाठ फिरवायची. मेंढपाळ म्हणाला, घेऊन जा, हिचा उपयोग नाही. मी तेव्हा डिपेंडंट व्हिसावर होते, नोकरी नव्हती, दिवसाचे दहा तास मोकळे आणि बाहेर कुत्र्याला मोकळं फिरवायला हवी तेवढी जागा. तिचं आणि माझं जमलं कारण दोघींनाही काम नव्हतं. आज पुण्यात, नोकरीत, मी ती घेतली नसती.

आणि मेंढ्यांना घाबरते म्हणून आतलं ते गेलं असं समजू नका. दर वर्षी गणपतीला आमच्याकडे पंचवीस माणसं असतात. आरतीला सगळे हॉलमध्ये जमले की ही सुखावते, दारात आडवी पडते, हनुवटी पंजांवर, मोजणी बरोबर लागल्यासारखी. गेल्या वर्षी ‘लवथवती विक्राळा’ चालू असताना आत्याला आठवलं की प्रसादाचं पातेलं गॅसवर राहिलंय, ती हळूच उठून स्वयंपाकघराकडे निघाली. ही उठली, गुडघे वाकवून, भिंतीकडेनं मोठं वळण घेऊन आत्याच्या पुढे गेली आणि पॅसेजमध्ये आडवी उभी राहून नुसतं बघत राहिली. संधिवातानं म्हातारे पाय थरथरतायत, पण नजर तीच. आत्या म्हणाली, अगं शिरा करपेल, सोड मला. टाळ्या चालू, कुणाचं लक्ष नाही. मी लांबूनच ‘पुरे’ म्हटलं, तर माझ्याकडे बघितलं, आत्याकडे बघितलं, आणि बाजूला झाली.

मग आत्याच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेली आणि तिला शिऱ्यासकट परत घेऊन आली.